स्थानिक गुन्हे शाखेत काम करू इच्छिणाऱ्या नव्या अंमलदारांसाठी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे 50 आणि लेखी परीक्षेचे 100 गुण डोळ्यांसमोर ठेवून पहाटे धावणारी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुले भेटली की ‘एलसीबीत कसे जाता येते’ हे हमखास विचारतात. एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा; तेथे थेट भरती होत नाही. पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील ही शाखा साऱ्या जिल्ह्यातील गुन्ह्यांचा समांतर तपास करते आणि तिच्यासाठी माणसे निवडली जातात ती ठाण्यातील कामावरून. त्यामुळे बीटवरची पहिली वर्षे वाया गेली, असे कोणी समजू नये.

शाखेचे मोल मला कळले ते विहिरींवरील केबलचोरीच्या तपासात. हरभऱ्याच्या हंगामात तीन ठाण्यांच्या हद्दीत गुन्हे दाखल होत होते आणि प्रत्येक ठाण्याला आपापले दोन-तीनच दिसत होते. आम्ही सर्व फिर्यादी तारखांनुसार एकत्र मांडल्या, तरी धागा सापडेना. तो दाखवला एका पोलीस पाटलांनी. “साहेब, रातची लाइन असते त्या हप्त्यात आमच्या शिवारात चोरी होतच नाही जी,” असे ते म्हणाले. कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळते आणि प्रवाह चालू असताना केबल कापणे जिवावर बेतते, म्हणजे चोरट्यांना हे वेळापत्रक पाठ होते. मग गस्त कधी आणि कुठे घालायची हे ठरवता आले व चौघे रंगेहाथ पकडले गेले.

त्या रात्रीचा गुन्हा शाबीत झाला, परंतु आधीच्या चोऱ्यांतून तेच आरोपी सुटले. जप्त केलेले तांबे आवरण जाळून काढलेले होते आणि ते कोणत्या विहिरीवरचे, हे एकाही शेतकऱ्याला सांगता आले नाही. त्यांतील एक घटनास्थळ पंचनामा माझ्या हातचा होता आणि त्यात केवळ ‘केबल कापलेली दिसली’ एवढेच लिहिलेले होते. ही खंत मला आजही आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तिच्यातील तरतूद मात्र सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, आणि साध्या चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंतच असल्याने विहिरीवर बहुधा तुम्ही एकटेच असाल. केबलची जाडी, कंपनीचा छाप, जोड कुठे होता, किती लांबी गेली, हे सारे पंचनाम्यात यावे. विहिरीवर उरलेले कापलेले टोक पंचांसमोर मोहोरबंद करून घ्यावे, कारण आरोपीकडे कटर सापडल्यास नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत त्या टोकावरील कापाच्या खुणा पडताळता येतात. शेतकरी पिकाला पाणी देण्याच्या घाईत नवी केबल जोडतो आणि हे टोक फेकून देतो, म्हणून फिर्याद घेतानाच त्याला ते तसेच ठेवण्यास सांगावे.