पहिली नोकरी, घरून काम आणि फोनची धास्ती

नोकरीचे पहिले सात महिने काम घरूनच होतं. माणसांसमोर बोलताना माझे हात थरथरतात, त्यामुळे सगळं चॅटवर म्हटल्यावर सुटले असं वाटलं. पण चार ओळींचा मेसेज लिहायला पाऊण तास लागायचा. लिहायचं, खोडायचं, ‘सर’ आधी की शेवटी यावर अडायचं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही की पोटात गोळा. फोन आला की वाजू द्यायचा आणि थांबल्यावर ‘मीटिंगमध्ये होते’ असं खोटंच कळवायचं.

मी याला लाजाळूपणा समजत होते. समुपदेशक ताईंनी वेगळं समजावलं: ही सामाजिक भीती, म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील याची धास्ती. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलंय की अशा वेळी आपलं लक्ष समोरच्यावर नसतंच, ते स्वतःवर खिळलेलं असतं. वर आपण बचावाच्या युक्त्या करतो. त्यांनी तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण भीती खरी होती की नव्हती हे कळायची संधीच जाते. माझं चॅट म्हणजे तीच युक्ती होती.

नव्याने कामाला लागलेल्यांनी एक गोष्ट आजच करावी: व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचा चेहरा दिसण्याची सोय बंद करा. तासभर आरसा समोर धरून कोण मोकळं बोलेल? मेसेज एकदाच वाचा आणि पाठवा.

फोनसाठी मात्र पायऱ्याच लागतात. मी गॅस एजन्सीपासून सुरुवात केली, मग दवाखान्यात नंबर लावणं, मग टीममधली मैत्रीण, सर्वांत शेवटी टीम लीड. प्रत्येक वेळी वहीत आधी भीती लिहायची, नंतर घडलं ते. ‘अडखळले तर हसतील’ याच्यापुढे माझ्या वहीत आहे, ‘ग्राहक क्रमांक विचारला.’ महिनाभर रोज एक फोन करायचा असं ठरवलं. काही दिवस जमलंच नाही, तेव्हा खालच्या पायरीवर परत आले.

झोप उडाली असेल, काम सोडून द्यावंसं वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोनचीच भीती असताना फोन कसा करायचा, हा प्रश्न मलाही पडला होता. मी पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलं: ‘मला फोनवर बोलायची भीती वाटते, थांबत थांबत बोलेन.’ तेवढंच वाचून दाखवलं.

पलीकडून आवाज आला, ‘सावकाश बोला, मी ऐकतेय.’