जुन्या बोलेरो कॅम्परची मागची सीट नव्यानं भरताना

जुनी बोलेरो कॅम्पर, म्हणजे केबिनमध्ये सीटच्या दोन रांगा आणि मागे हौदा असलेली महिंद्राची पिकअप, घेताना माणसं इंजिन ऐकतात, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगपट्ट्या) बघतात, टायरची नक्षी तपासतात. मागची सीट मात्र कुणी हातानं दाबूनही बघत नाही. आमची गाडी २००९ची, आधी एका ठेकेदाराकडे होती. रोज सकाळी चार माणसं अवजारं घेऊन तिच्यात चढायची. आमच्याकडे आली तेव्हा सीटवरचं रेक्झिन नवंकोरं होतं, पण आई मागे बसली की अर्ध्या तासात म्हणायची, "जरा थांबव रे, मांड्या भरून आल्या." रेक्झिन उसवलं तेव्हा कारण दिसलं. फोमचा पार भुगा झालेला, स्प्रिंगा त्यातून वर आलेल्या आणि त्यावर नवं कव्हर घट्ट ओढून बसवलेलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: सीटचं सुख फोममध्ये आणि बसण्याच्या कोनात असतं. पैसे आणि वेळ आधी तिथं घाला, रेक्झिनचा रंग शेवटी निवडा. पुढचं सगळं कॅम्परवरून लिहिलं आहे, पण टाटा २०७ किंवा झेनॉनच्या डबल केबिनलाही हीच रीत चालते. दोन दिवस धरा, आणि मध्ये रंग वाळायला एक रात्र.

काम सुरू करण्याआधी कायद्याचं बघून घ्या. फोम, कव्हर, फ्रेमची दुरुस्ती यांना अडचण नाही. पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) जेवढ्या माणसांची नोंद आहे तेवढ्याच जागा ठेवायच्या. कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. मागच्या हौद्यात माणसांसाठी बाक ठोकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. तिथं पट्टा (सीटबेल्ट) नाही, छत नाही, आणि गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला जातो.

सीट बाहेर काढणं

आधी फोटो काढा. कुठला बोल्ट कुठं, वॉशर किती, पट्ट्याचं बक्कल कुठल्या फटीतून वर येतं, हे सगळं. मॉडेलगणिक बोल्टच्या जागा बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर विसंबू नका. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. सकाळी आधी पाव फेरी घट्ट करून मग सैल करा, म्हणजे गंजाची पकड सुटते आणि बोल्टाचं डोकं वाचतं.

पट्ट्यांचे बोल्ट वेगळ्या डबीत, चिठ्ठी लावून ठेवा. ते जास्त ताकदीच्या पोलादाचे आणि बारीक आट्यांचे असतात. एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिथं लावायचा नाही, कंपनीचाच मागवायचा.

सीट निघाली की खालची चटई उचला. वर्षानुवर्षांचा चिखल, सुपारीची पुडकी, हरवलेले पाने सापडतील. ते झाडून पत्रा टोकदार पेचकसानं टोचून बघा. कोकणातल्या गाड्यांना इथं हमखास गंज असतो, कारण पावसाळ्यात ओल्या पायांचं पाणी चटईखाली साचून राहतं. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढून रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) मारला की भागतं. पेचकस आरपार गेला तर पत्रा बदलावा लागेल. आणि ते भोक पट्ट्याच्या बोल्टाजवळ असेल तर चांगल्या बॉडीवाल्याकडेच जा, घरी वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी.

उसवणं आणि फ्रेम

जुनं कव्हर फाडू नका, उसवा. तोच तुमचा नमुना आहे. प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर घाला, पुढची बाजू बाणानं दाखवा आणि दोन तुकडे जिथं जुळतात तिथं दर १० सेंटिमीटरवर आडवी खूण करा. शिवताना तुकडे पुढे-मागे सरकले की सीटला पीळ पडतो. तो नंतर निघत नाही.

फ्रेमवर वेल्डिंगचे जोड तपासा. तडा बहुतेक कोपऱ्यात आणि बिजागरीजवळ असतो. नागमोडी स्प्रिंगा असतील तर प्रत्येकीचं टोक क्लिपमध्ये बसलंय का ते हातानं ओढून बघा. तुटलेली स्प्रिंग तारेनं बांधून वेळ मारून नेऊ नका, बदला. गंज काढून प्राइमर, वर काळा इनॅमल, आणि रात्रभर वाळू द्या.

फोम: इथं घाई नको

दुकानात गेल्यावर डेन्सिटी विचारतात. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. फोम मऊ की कडक, ही गोष्ट वेगळी. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो, पण तो लवकर चेपत नाही. दुकानदार सांगतो ते खरं का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा तुकडा वजन करून बघा. ४० डेन्सिटीचा असेल तर काटा ४० ग्रॅमच्या आसपास थांबेल. रोजच्या वापराच्या सीटला ४०च्या खाली जाऊ नका.

एकच जाड फोम टाकण्यापेक्षा थर करा. स्प्रिंगांवर आधी गोणपाट किंवा जाड नमदा, नाहीतर तार फोमला करवतीसारखी कापते. मग २५ मिलिमीटर रीबाँडेड फोम (फोमचे बारीक तुकडे दाबून चिकटवलेला कडक फोम), त्यावर मुख्य थर ४० डेन्सिटीचा, आणि सगळ्यात वर १२ मिलिमीटरचा मऊ थर. एकूण जाडी जुन्या सीटएवढीच ठेवा. चेपलेल्या भागावर मोजू नका, कडेला जिथं कुणी बसत नाही तिथं मोजा. जाडी वाढवलीत तर डोकं छताला लागेल, आणि पट्टा खांद्यावरून नीट न येता दंडावर घसरेल.

आता कोन. डबल केबिनमध्ये पाठीमागे लगेच केबिनची भिंत असते, त्यामुळे पाठ फारशी तिरकी करता येत नाही. पण बैठक करता येते. मुख्य थराखाली पुढच्या बाजूला २० मिलिमीटर उंच आणि मागे शून्यावर येणारी फोमची पाचर चिकटवा. ४५० मिलिमीटर खोल बैठकीला यानं जेमतेम अडीच अंशांचा उतार मिळतो. ऐकायला कमी वाटतं, पण मांड्यांना आधार येतो आणि ब्रेक लागला की माणूस पुढे घसरत नाही. पाठीच्या फोममध्ये वरचा भाग थोडा पातळ आणि कमरेशी भरीव ठेवलात तर खांदे मागे जातात. आमच्या गाडीत आईला फरक पडला तो या पाचरीनं.

चिकटवण्याआधी सगळे थर नुसते रचून, गाडीत ठेवून बसून बघा. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला बसवा. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन बोटं जावीत, डोक्यावर एक मूठ जागा राहावी. बुटक्या माणसाचे पाय लोंबकळत असतील तर पाचर १२ मिलिमीटरवर आणा. समाधान झालं की रबर सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांवर लावून, हाताला चिकटेनासं झालं की दाबा. हे काम उघड्यावर करा. त्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात. फोम कापायला हॅकसॉचं नवं पातं उत्तम चालतं. फोम फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी ५ मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे कव्हर ताणून बसतं.

कव्हर

माझ्या मते मजुरांची ने-आण असेल तर पूर्ण रेक्झिन, कारण ते ओल्या फडक्यानं पुसलं जातं. घरची माणसं बसत असतील तर बसण्याचा मधला भाग कापडाचा आणि कडा रेक्झिनच्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीतलं काळं रेक्झिन काय चटका देतं ते तिथल्यांना सांगायला नको. घ्यायच्या आधी एक पट्टी अंगणात जाळून बघा. भराभर पेटत जाणारा माल गाडीत नको.

घरच्या शिलाई मशीनवर हे काम होत नाही. जुन्या तुकड्यांवरून नवे कापा, तेच नंबर आणि खुणा घाला, मग ते कुशनवाल्याकडे न्या आणि तीन गोष्टी सांगा. धागा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा हवा, सुती ओलीनं कुजतो. टाका ४ ते ५ मिलिमीटरचा, कारण बारीक टाक्यांनी रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडून ते तिथंच फाटतं. आणि नमुन्यात शिवणीची जागा आधीच धरलेली आहे, ती पुन्हा वाढवू नये.

शिवून आलेलं कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतं. मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा. जुन्या कव्हरच्या आत शिवणीत ओवलेली तार असते, ती कड्यांनी खाली बांधलेली असते. नव्या फोममध्ये त्यासाठी चर कापा आणि तशीच बांधा. हे टाळलं तर बैठकीतली खोलगट रेष जाते आणि कव्हर तंबूसारखं उभं राहतं. राहिलेल्या सुरकुत्या कापडावर वाफेच्या इस्त्रीनं जातात. रेक्झिनला इस्त्री लावू नका.

परत बसवणं

पट्ट्यांची बक्कलं फटीतून वर घेऊनच बोल्ट लावा. हे विसरून माणसं सीट बसवतात आणि मग बक्कल कायमचं सीटखाली राहतं. पट्टे सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. धागे सुटले असतील किंवा झटका दिल्यावर पट्टा अडकत नसेल तर नवा घ्या. मागच्या सीटवरही पट्टा लावणं बंधनकारक आहे, कलम १९४ब प्रमाणे १,००० रुपये दंड आहे.

सगळे बोल्ट आधी हातानं सुरू करा, मग एकेक घट्ट करा. पट्ट्यांचे बोल्ट सर्व्हिस सेंटरमध्ये टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं कसणाऱ्या पान्यानं) कसून घ्या. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर सीटचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा. नवा फोम बसतो आणि एखादा वॉशर सैल पडलेला सापडतोच.