पोटावरची चरबी प्रमाणाबाहेर आहे का, हे टेपने ओळखा

वजनकाटा एकूण वजन सांगतो, पण चरबी नेमकी कोठे साठली आहे हे सांगत नाही. म्हणूनच हातपाय सडपातळ असूनही पोट सुटलेल्या माणसाचे वजन अगदी प्रमाणात भरू शकते. अशा वेळी शिवणकामाची टेप अधिक उपयोगी पडते. सरळ उभे राहून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कडा बोटांनी चाचपावी, त्या दोहोंच्या मध्यावर उघड्या त्वचेवर टेप आडवी गुंडाळावी, ती पाठीमागे घसरलेली नाही हे आरशात पाहावे आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पँटच्या नंबरावर विसंबू नये, कारण पँट बहुधा सुटलेल्या पोटाच्या खालीच बसते.

हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीला ८० च्या आत. त्यापुढे मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, कारण यकृत व आतड्यांभोवतीची चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक घातक असते. अशा वेळी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घेणे मला अत्यावश्यक वाटते. गरोदरपणात मात्र हे माप लागू पडत नाही.