देवापुढे जायची लाज वाटते तेव्हा

आई गेली त्यानंतर चार महिने मी प्रार्थनेला बसलेच नाही. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्यावर खेकसले होते. पवित्र देवापुढे कोणत्या तोंडाने जाणार?

तुमचंही असं झालं असेल, तर आधी बायबलमधलं लूक 18:13 उघडा. येशूच्या दाखल्यातला जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा, दूर उभा आहे, वर पाहायलाही धजत नाही, ऊर बडवून म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." एवढंच म्हणा. लायक झाल्यावर येईन, असं ठरवू नका. तो तसा आला नव्हता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच.

मग दार लावून स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. 18 वचनं, सगळा आक्रोश, आणि शेवटही अंधारातच. तरी ते पवित्र शास्त्रात आहे!

अपराध आणि दुःख मात्र वेगवेगळं मांडा. खेकसल्याची क्षमा मागा, आईच्या कर्करोगाची नको. निर्दोष ईयोबावर संकटं आली, तेव्हा ती त्याच्या पापामुळेच आली असं म्हणून त्याच्या मित्रांनी हीच गफलत केली, आणि देवाचा राग भडकला तो त्यांच्यावर (ईयोब 42:7).

रडू आलं तर तिथेच थांबा. मी ओट्यापाशी, आईच्या चष्म्याचं घर हातात धरून वाचायचे. पहिल्या दिवशी नवव्या वचनापुढे गेलेच नाही.