जेवणाच्या खोलीला गडद रंग देताय? आमच्या विदर्भात या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी वावरातून घरी आलेला माणूस पहिली पाच मिनिटं आतलं काही नीट पाहू शकत नाही. डोळ्यांत ऊन भरलेलं असतं. जुन्या घरांतलं माजघर अंधारं असायचं, त्यामुळे आत पाय ठेवताच डोळे निवायचे. जेवायची खोली गडद रंगाची हवी, असं कोणी म्हटलं की मला म्हणूनच मनापासून आनंद होतो. ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे.

यवतमाळ-वर्धा भागातल्या गावांमध्ये मी घरांची आतली कामं करते. अलीकडे बरेच जण मोबाईलवर फोटो घेऊन येतात: शाईसारखा निळा, काळपट हिरवा, कोळशासारखा राखाडी, भिंतीवर पट्ट्यांच्या चौकटी, टेबलावर लोंबता दिवा. त्या फोटोंतली घरं बहुतेक थंड हवेतली असतात, त्यांच्या भिंतीही वेगळ्या असतात. आपली भिंत विटा-सिमेंटची नाहीतर मातीची, तीही काळ्या कापसाच्या जमिनीवर उभी. खोली बिघडते ती इथे.

ओल्या भिंतीवर रंग चढवणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती माझ्या हातूनही झाली आहे. दारव्हा तालुक्यातलं एक नवं घर होतं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. जेवणाच्या खोलीच्या गिलाव्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि पलीकडे न्हाणीघर. मी घाईला होकार दिला. काळपट हिरवा रंग लावला, पट्ट्या मारल्या, लग्नात सगळ्यांनी खोलीचं कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यात घरच्या काकूंचा फोन आला, "ताई, भितीवर मीठ फुटून रायलं, हे काहून?"

जाऊन पाहिलं. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पांढरी भुकटी होती, बोट फिरवलं की पिठासारखी गळायची. रंगाला वाटाण्याएवढे फुगे आलेले. एक फुगा नखाने उचलला तर आतून ओलसर गिलावा दिसला.

हा लोणा. विटा, वाळू आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. ओल ते विरघळवून भिंतीच्या पृष्ठभागाकडे आणते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. पांढऱ्या भिंतीवर तो वर्ष-वर्ष कोणाच्या लक्षात येत नाही. काळपट हिरव्यावर तो आठ हात लांबून दिसतो.

म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी एक सोपी तपासणी करा. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. काढल्यावर आतल्या बाजूला दव साचलं असेल किंवा भिंत काळवंडली असेल तर थांबा. हा तुकडा तीन ठिकाणी लावा: जमिनीजवळ, खिडकीखाली आणि न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर. नव्या गिलाव्याला दोन-तीन महिने द्याच. घर पावसाळ्याच्या तोंडावर बांधून झालं असेल तर तो पावसाळा जाऊ द्या.

लोणा आधीच आला असेल तर तो पाण्याने धुऊ नका. पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीत शिरतो. कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी सुपलीत भरून घराबाहेर टाका, आणि मग ओल कुठून येते ते शोधा. न्हाणीचा नळ गळतो का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचतं का? जुन्या घरात जोत्याला ओल अडवणारा थरच नसेल तर पाणी जमिनीतून वर चढतं, ते कुठल्याही रंगाने अडत नाही. कारण दूर झालं आणि भिंत वाळली की क्षाराला टिकणारा प्रायमर लावा, मग रंग.

काही जण भिंतीच्या खालच्या, लोणा आलेल्या दोन-तीन फुटांवर लाकडी पॅनेल ठोकून मोकळे होतात. तसं कृपा करून करू नका. मागची ओल तिथेच कोंडते आणि त्या अंधारात वाळवी लागते. पॅनेल काढाल तेव्हा खालची पट्टी हातात भुसा होऊन येईल.

माती आणि चुन्याच्या भिंतीला प्लास्टिक रंग

कवेलूचं घर असो की मातीच्या भिंतींचा जुना वाडा, त्या भिंती श्वास घेतात, म्हणजे ओल आत-बाहेर सोडतात. वरून प्लास्टिक इमल्शन चढवलं की ती ओल अडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, सोबत गिलावाही सुटतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे. तो गिलावा पिढ्यान् पिढ्या टिकलेला असतो. एका चुकीच्या डब्याने तो खराब होताना पाहून जीव हळहळतो.

अशा भिंतीला चुन्याचाच हात द्या. गेरू, पिवळी माती, काजळी आणि लोखंडाच्या गंजापासूनचे रंग चुन्यात टिकतात. पण अपेक्षा नीट ठेवा. चुना मुळात पांढरा, त्यामुळे ओला असताना गडद दिसणारा हात वाळल्यावर बराच फिका होतो. फोटोतला काळा-निळा इथे येणार नाही. गेरूचा तांबूस किंवा राखेसारखा करडा येईल, आणि कंदिलासारख्या पिवळ्या उजेडात तो फार सुंदर दिसतो. गडद करायच्या हट्टाने रंग जास्त घातला तर भिंतीला टेकणाऱ्याच्या सदऱ्याला तो लागेल.

भेगांवर नुसती लांबी (पुट्टी) भरणे

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घर तिच्यावर बसलेलं, त्यामुळे भिंतीलाही दरवर्षी थोडा हिसका बसतो. गडद भिंतीवर केसाएवढी भेगही पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते, कारण आतला गिलावा पांढुरका असतो.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. मे महिन्यात पाहा आणि पोळ्याच्या सुमारास पुन्हा पाहा. भेग खुणेपुढे गेली किंवा तिची रुंदी बदलली तर ती जिवंत आहे. तिथे नेहमीची कडक लांबी पुन्हा फाटणारच. ताणली जाणारी ॲक्रिलिक भरण आणि वर जाळीची पट्टी लावा. त्या भेगेवरून सजावटीची पट्टी आडवी नेऊ नका, ती मधोमध उचकटेल. तिरकी, करंगळी आत जाईल एवढी भेग असेल तर रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी इंजिनिअरला दाखवा.

कूलरच्या समोर सजावटीची भिंत

ही चूक शहरातल्या मासिकांत तुम्हाला सापडणार नाही, कारण तिथे एसी गृहीत धरतात. आपल्याकडे एप्रिल ते जून खिडकीला कूलर असतोच. गवताची ताटी भिजून पाणी जास्त झालं की पंख्याच्या झोतात बारीक शिंतोडे येतात. बोअरचं पाणी जड असेल तर प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका ठेवून जातो. महिन्याभरात निळी भिंत कोणी चुन्याचे शिंतोडे उडवल्यासारखी दिसते. ठिपका ताजा असताना ओल्या फडक्याने निघतो. वाळून बसला की घासताना रंगाला चमक येते आणि ती चमक डागापेक्षा वाईट दिसते.

ज्या भिंतीला चौकटी, नक्षी, सगळ्यात गडद रंग द्यायचा आहे ती कूलरच्या थेट झोतात नको. कूलर आधीच बसलेला असेल तर दुसरी भिंत निवडा. शिवाय कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. दमट हवेला वाट मिळाली नाही तर ती खोलीतच कोंडते, पीओपीची नक्षी मऊ पडते, कोपऱ्यात बुरशी धरते. मेमध्ये बाहेर अंगण तडकतं आणि आत भिंतीला बुरशी, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

लोक मला विचारतात की गडद रंगाने खोली जास्त तापेल का. आतल्या भिंतीचा रंग फारसा फरक पाडत नाही. उष्णता येते वरच्या टिनातून किंवा स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावरून. छतावर चुन्याचा पांढरा हात द्या, बाहेरची भिंत फिकी ठेवा, आत मनासारखा रंग घ्या.

मधोमध एक पांढरी ट्यूब

गडद भिंती उजेड पिऊन टाकतात. मग घरचे घाबरून सगळ्यात मोठी पांढरी ट्यूब लावतात आणि खोली दवाखान्यासारखी होते. एका मोठ्या दिव्याऐवजी तीन-चार लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावा. टेबलावर लोंबणारा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच ते तीन फूट वर. एक दिवा कोनाड्यात, एक-दोन भिंतीला. खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन लिहिलेलं पाहा. 6500 म्हणजे तोच निळसर पांढरा. त्याच खोक्यावर सीआरआय असा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. तो 90 किंवा वर असावा. कमी असेल तर वरणाचा पिवळा रंग मरतो, भाजीवर घातलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, सुकल्यासारखा दिसतो. जेवणाच्या खोलीत एवढा एक खर्च वाचवू नका.

पिवळसर उजेडाकडे पावसाळी किडेही पांढऱ्यापेक्षा कमी येतात. वावराला लागून घर असेल तर ताटात पाखरं पडणं कमी होईल, आणि किड्यांमागे येणाऱ्या पालीही.

उजेड कमी-जास्त करणारं बटण सांभाळून घ्या. साधा एलईडी बल्ब त्यावर लुकलुकतो, गावात व्होल्टेज खालीवर होतं तेव्हा तर जास्तच. प्रत्येक दिव्याला वेगळं बटण दिलं तरी काम भागतं.

रंग निवडतानाही हेच दिवे लावून पाहा. दोन फुटांचा चौकोन दोन वेगळ्या भिंतींवर रंगवा आणि दुपारी एकदा, रात्री एकदा बघा. मोबाईलवर निवडलेला हिरवा रात्री काळा झालेला मी पाहिला आहे.

घाईचं हातकाम

याबद्दल थोडक्यात. गडद रंगाखाली पांढरा प्रायमर असेल तर तीन-चार हात मारूनही तो डोकावतो, म्हणून प्रायमर राखाडी करून घ्या. सगळे डबे एका बादलीत मिसळा, नाहीतर दोन डब्यांतला फरक भिंतीवर दिसेल. एक भिंत एका दमात पूर्ण करा. मध्ये जेवायला बसलात तर रोलरची कड उमटते. भिंत सपाट नसेल तर चमकदार रंग घेऊच नका.

पट्ट्या आणि नक्षी

भिंतीच्या चौकटींसाठी स्वस्त एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा, घेतलं तर जुलैत त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. आपल्या गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाला देशभर मागणी आहे, त्याच्या पातळ पट्ट्या कुठल्याही ऋतूत टिकतात. पट्टी लावण्याआधी मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्या. मेची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा, दोन्हीत लाकूड हलतं. जाड आडव्या कडा कमीच ठेवा. तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्यांवर बोटभर धूळ बसते.

नक्षी म्हटलं की सगळे वारली काढायला सांगतात. वारली सुंदरच, पण ती पालघर-डहाणूकडची. आपल्याकडे करवत काठी साडी आहे. त्या साडीच्या काठाचे करवतीसारखे दात मी गडद निळ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला जुन्या सोन्याच्या रंगात स्टेन्सिलने काढले होते. घरातल्या आजींनी बोट फिरवून पाहिलं आणि लगेच साडीचं नाव घेतलं. वर भंडाऱ्याची दोन पितळी ताटं लावली की दिव्याचा उजेड त्यांत उतरतो आणि गडद भिंत जिवंत होते.

दारव्ह्याच्या त्या घरी आम्ही न्हाणीचा पाईप बदलला, खालचे तीन फूट गिलावा काढला आणि एक पूर्ण पावसाळा भिंत उघडी ठेवली. काकूंना ते मुळीच आवडलं नव्हतं. दिवाळीआधी तोच हिरवा पुन्हा लावला. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर रंगाचा नंबर लिहून ठेवला आहे. डाग पडला तर तेवढ्या ठिकाणी ठिगळ लावायचं नाही, त्या चौकटीतली पूर्ण जागा पट्टीपासून पट्टीपर्यंत रंगवायची, हे काकूंना दाखवून दिलं. परवा मुलगी माहेरी आली तेव्हा त्यांनी एक चौकट स्वतः रंगवली.