जुना कोड पाडायच्या आधी वेस बांधा

तेरा वर्षं मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून तुर्भ्याला उतरते आणि एपीएमसीतल्या कांदा-बटाटा अडत्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळते. त्यातल्या एका ६,२०० ओळींच्या फाइलला आम्ही ‘गावठाण’ म्हणतो. कोपरखैरण्यात सेक्टरमधून सरळ चाललेला रस्ता जुनं गाव आलं की वळतो, तसंच. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० मध्ये, गावं त्याच्या कितीतरी आधीची. आमच्याकडेही गिऱ्हाईक आधी आलं, आराखडा मागाहून.

नवीन पोरं आठवड्याभरात म्हणतात, “ताई, सगळं नव्याने लिहू या.” मीही म्हटलं होतं. आठ महिने लिहीत बसलो, तेवढ्यात जुन्यात तीसेक बदल गेले. नवं कधी चालू झालंच नाही.

त्यापेक्षा आधी गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) लॉगमधून वर्षभरात कुठली फाइल किती वेळा बदलली ते मोजा. आमच्या चारशेपैकी नऊच सारख्या हलत होत्या. बाकीच्यांना हात लावू नका, कितीही ओंगळ दिसल्या तरी.

मग आजचं वागणं जसंच्या तसं साठवा. महिन्याभराच्या खऱ्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, घ्या (शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर आधी पुसा), जुन्या कोडमधून काढा आणि दर बदलानंतर पैशापैशाने ताडून बघा. चूक सापडली तरी लगेच सुधारू नका! हमालीचं राउंडिंग पट्टीत खाली जायचं, खरेदीदाराच्या बिलात वर. मी बग समजून ते सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाळ्यावरून फोन, “मॅडम, वहीशी जुळत नाही.” वहीतही वर्षानुवर्षं तोच हिशेब चाललेला.

आता वेस, म्हणजे कोडच्या एका भागाभोवतीची हद्द. ती कुठे बांधायची, हाच खरा प्रश्न. बहुतेक जण स्क्रीन, डेटाबेस, रिपोर्ट असे कप्पे पाडतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच सांगितलं होतं की जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या एका वेगळ्या भागाच्या, आत लपवा. आमच्या धंद्यात तो निर्णय म्हणजे अडत, अडत्याचं कमिशन, कुणी भरायची. २०१६ च्या जुलैत ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली आणि आमच्या कोडमध्ये अडत चौदा जागी कापलेली निघाली. घाईत दोन राहिल्या. पट्टी बरोबर यायची, महिन्याच्या रिपोर्टमध्ये मात्र शेतकऱ्याच्याच नावावर वजावट.

म्हणून एकच फंक्शन केलं. त्याला माल, रक्कम आणि तारीख द्यायची. कुणी किती भरायचं ते त्याने सांगायचं. तारीख विसरू नका, जुनी पट्टी पुन्हा छापायला मागतात तेव्हा जुनाच नियम लागतो. मग एकेक जागा त्याच्याकडे वळवायची. एका दिवशी एकच, टेस्ट चालवून, प्रॉडक्शनला (गाळ्यांवर चालू असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) पाठवून. आणि बाहेर कुणी अडतीचा दर थेट लिहिला तर बिल्डच फेल होईल, म्हणजे सॉफ्टवेअर तयारच होणार नाही, असा चेक टाका. महिनाअखेरीला नुसत्या कागदावरची वेस कुणी पाळत नाही. मीसुद्धा नाही.

आधीच्या माणसांना शिव्या देऊ नका. ब्रायन फूट आणि जोसेफ योडर यांनी १९९७ मध्ये अशा कोडला चिखलाचा मोठा गोळा म्हटलं, पण वेळेच्या रेट्याखाली शहाणी माणसंही तो का वळतात हेही मांडलं.

आमच्या चौदापैकी बारा जागा झाल्या. उरलेल्या दोन छपाईत आहेत, तिथे डॉट मॅट्रिक्सची रुंदी बघून स्पेस मोजून घातल्यात. त्या कांद्याची आवक ओसरल्यावर घेईन.