वडीतला गडद गोल आणि ओव्हनचे काम : साबण शिकू पाहणाऱ्यांसाठी

घरी केलेला पहिला साबण मी कापला तेव्हा प्रत्येक वडीच्या मधोमध एक गडद गोल होता आणि त्याभोवतीचा भाग फिकट, काहीसा खडूसारखा दिसत होता. डिसेंबर महिना होता. सोलापूर म्हटले की लोकांना फक्त ऊन आठवते, पण त्या दिवसांत पहाटे इथली हवा चांगलीच गार असते आणि मी साचा रात्रभर ओट्यावर तसाच उघडा ठेवला होता. साबणात बिघाड काही नव्हता, अंघोळीला तो उत्तम चालला; मात्र ज्यांना ज्यांना वडी दिली त्यांनी ती वापरण्याआधी "मध्ये हे काय झालंय?" असेच विचारले. मी ओव्हनकडे वळले ती त्या गोलामुळे.

तेल आणि कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार) यांची क्रिया सुरू झाली की तिच्यातून उष्णता बाहेर पडते. साच्याच्या मध्यभागी ती साठत जाते आणि कडांकडून हवेत निघून जाते, त्यामुळे मधला भाग काही वेळ तापून जेलीसारखा अर्धपारदर्शक होतो, कडेचा भाग त्या अवस्थेपर्यंत पोहोचत नाही आणि निवल्यावर दोन्हींचा रंग वेगळा राहतो. ओव्हन बाहेरून ऊब देऊन कडांनाही मध्याइतकेच तापू देतो, एवढेच त्याचे काम आहे. नव्याने शिकणारे बहुतेक जण साबण केकसारखा 'भाजायचा' असतो असे समजून येतात आणि पहिला घोटाळा तिथेच होतो.

साबणाआधी सहा वर्षे मी इथल्या एका टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात तपासणीचे काम करत होते. सूत उकळण्यासाठी आणि व्हॅट रंग विरघळवण्यासाठी तिथे कॉस्टिक रोज लागत असे. आमच्या रंगमास्तरांच्या उजव्या मनगटावर बोटभर लांबीचा पांढरट व्रण होता. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला ते बाही वर करून तो दाखवत आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत सांगत, "पाण्यात कॉस्टिक टाकायचं बाळ, कॉस्टिकावर पाणी नाही." कॉस्टिकवर पाणी ओतले तर वरच्या थरात एकदम उष्णता निर्माण होऊन द्रावण उसळते आणि अंगावर येते, पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे सोडत ढवळले तरीसुद्धा द्रावण ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतेच. म्हणून हे काम खिडकीजवळ, गॉगल, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, घरातली लहान मुले झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावर करावे. त्वचेवर थेंब उडालाच तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसू नये, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे. डोळ्यात गेल्यास किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठावा. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची असावीत. ॲल्युमिनियमचे पातेले मुळीच चालत नाही, कारण कॉस्टिक ते खाते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

दुकानात मागतानाही नेमके नाव सांगावे लागते. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन वेगळी रसायने आहेत आणि साबणाला तिसरेच लागते. मोरी साफ करण्याच्या पुडीवर कॉस्टिक लिहिलेले असले तरी तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. रसायनांच्या दुकानातून ९८ टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धतेचे, बंद पाकिटातले फ्लेक्स घ्यावेत आणि पाकीट फोडल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरावेत, कारण ते हवेतली ओल ओढून घेतात आणि मग काट्यावर आपण कॉस्टिकबरोबर पाणीही तोलत असतो.

साबणाचे सगळे गणित वजनात चालते, वाटी-चमच्यात नव्हे. प्रत्येक तेलाला पूर्ण साबण होण्यासाठी किती कॉस्टिक लागते याचा आकडा ठरलेला आहे: एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगतेलाला किंवा करडईच्या तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. मी शिकवताना नेहमी ५०० ग्रॅम तेलाचे उदाहरण घेते. २०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम शेंगतेल, १०० ग्रॅम करडई आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतले तर अनुक्रमे ३६.६, २०.४, १३.६ आणि ६.४ मिळून ७७ ग्रॅम कॉस्टिक लागते. मात्र पूर्ण ७७ ग्रॅम कधीच घालत नाहीत. पाच टक्के कमी करून ७३ ग्रॅम घेतात, म्हणजे थोडे तेल साबण न होता मागे राहते आणि तोलण्यातली बारीकसारीक चूकही त्यात पोटात घातली जाते. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे १४६ ग्रॅम. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा या कामात ओव्हनपेक्षा आधी घ्यावा, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर काटाच घ्यावा.

आमच्याकडे करडई पिकते, लाकडी घाण्याचे तेल सहज मिळते, आणि आपल्या मातीतल्या तेलाचा साबण करावा असे मलाही वाटले होते. दुसऱ्याच घाण्यात (आम्ही एका वेळच्या मालाला घाणाच म्हणतो) मी साठ टक्के करडई घातली. साबण आठवडाभर साच्यातून सुटेना, सुटला तेव्हा बोट रुतत होते, आणि दोन महिन्यांनी त्यावर नारिंगी ठिपके उमटून जुन्या फरसाणासारखा खवट वास येऊ लागला. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. ते हवेत लवकर खवटते आणि त्याचा साबण मऊ होतो. तेव्हापासून मी करडई वीस टक्क्यांच्या वर नेत नाही. कडकपणा आणि फेस खोबरेल देते, तो फेस टिकवून धरण्याचे काम एरंडेल करते. घाण्याचे तेल ताजे असेल तर त्याचा गाळ खाली बसू द्यावा, आणि 'मिश्र खाद्यतेल' लिहिलेली पिशवी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण तिच्यात कोणते तेल किती आहे हे नक्की ठाऊक नसेल तर वरचे गणितच मांडता येत नाही.

पाण्याबद्दल सोलापूरकरांना फार सांगावे लागणार नाही. बोअरच्या पाण्याने नळावर साचणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यातला चुना साबणाशी जुळून न विरघळणारा मळ तयार करतो, तेव्हा द्रावणासाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

आता ओव्हन. मायक्रोवेव्ह इथे उपयोगाचा नाही. घरगुती ओटीजी (सळयांवर तापणारा छोटा विजेचा ओव्हन) चालतो, पण तो साबणासाठी वेगळा ठेवावा. मी जुन्या बाजारातून एक ओटीजी घेतला आणि त्यावर रंगाने 'साबण' असे लिहून टाकले. बहुतेक ओटीजींचे बटण शंभर अंशांच्या आसपास सुरू होते आणि आपल्याला हवे असतात फक्त सत्तर ते पंचाहत्तर. शिवाय बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचा फारसा संबंध नसतो, हे मी पैसे मोजून शिकले. बकरीचे दूध आणि दोन चमचे मध घातलेला साबण मी शंभरावर ठेवून दळण आणायला गेले. परत आले तेव्हा जिन्यातच जळक्या साखरेचा आणि अमोनियाचा मिळून असा वास येत होता. साबण साच्याबाहेर उतू जाऊन खालच्या सळईवर पडला होता, त्याचा तपकिरी फेस दाराच्या काचेला चिकटला होता, आणि नंतर थर्मामीटर ठेवून पाहिले तर बटणावरच्या शंभराला आत १३० अंश होते. दूध आणि मध दोन्हींत साखर असते, ती साबणाला आपसूकच जास्त तापवते. असा साबण ओव्हनमध्ये घालायचाच नसतो.

म्हणून ओव्हन आणल्यावर पहिला दिवस साबण न करता घालवावा. आत ओव्हनचा थर्मामीटर टांगावा, सर्वांत कमी अंशावर सुरू करावे आणि किती मिनिटांत पंचाहत्तर होतात, बंद केल्यावर तासाभराने किती उरतात हे लिहून काढावे. ओटीजीचा पत्रा पातळ, ऊब लवकर जाते. त्यावर माझा उपाय असा की धुऊन पूर्ण वाळवलेल्या दोन विटा मी आत ठेवते आणि त्यांच्यासकट ओव्हन तापवते, त्यामुळे ऊब बराच वेळ टिकते. सळईची थेट धग लागू नये म्हणून खालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे सरकवून ठेवावा.

प्रत्यक्ष कृती त्यानंतर फारशी अवघड राहत नाही. कॉस्टिकचे द्रावण आणि तेल दोन्ही चाळिशीच्या आसपास आले की एकत्र करावे आणि हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवावा. सुरुवातीला मिश्रण वरणाच्या पाण्यासारखे असते, मग घट्ट ताकासारखे होते, आणि ब्लेंडर बंद करून उचलल्यावर पडलेल्या थेंबांची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली की 'ट्रेस' आला असे समजावे. सुगंधी तेल तेव्हाच घालावे. मिश्रण बटर पेपर लावलेल्या लाकडी साच्यात ओतून, ओव्हन पंचाहत्तरला आणून बंद केलेला असतानाच साचा आत ठेवावा आणि दार लावून रात्रभर विसरून जावे. पहिल्या तासात एकदोनदा काचेतून पाहायला हरकत नाही: कडांपासून मध्यापर्यंत साबण तुपासारखा झळकू लागला तर काम जमले, मध्यभाग फुगून तडा जाऊ लागला तर लगेच दार उघडावे. वीज गेली तर घाबरू नये, ओव्हन तसाही बंदच असतो.

याच ओव्हनमध्ये साबण शिजवण्याचीही एक रीत आहे. मिश्रण झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात, निम्मे पातेले रिकामे ठेवून, नव्वद अंशांच्या आसपास तास-दीड तास ठेवतात आणि मधूनमधून ढवळतात. ते पिठल्यासारखे होऊन शेवटी चकचकीत होते. वडी ओबडधोबड दिसते. मला ती रीत आवडत नाही, पण महागडे सुगंधी तेल कॉस्टिकच्या तावडीतून वाचवायचे असेल तर ते शिजल्यावर घालता येते, हा तिचा खरा फायदा.

एक गोष्ट मात्र ओव्हनविषयीच्या लेखात सांगायला हवी: सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ओव्हन लागतच नाही. पारा चाळिशीच्या वर असताना साचा नुसता जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवला की तो रात्रीत पूर्ण जेल होतो. त्या दिवसांत उलट अति तापण्याची भीती असते, म्हणून मी पहाटे काम उरकते आणि चादरही एकाच पदराची ठेवते.

ओव्हनमुळे साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो, आणि त्यावरून तो दुसऱ्या दिवशी वापरता येतो असा गैरसमज पसरला आहे. कॉस्टिक एव्हाना बहुतेक संपलेले असले तरी पाणी आतच असते. वड्यांमध्ये अंतर ठेवून, वारा खेळेल अशा सावलीच्या जागी चार ते सहा आठवडे ठेवल्याशिवाय साबण कडक होत नाही आणि पाण्यात लवकर झिजतो. मोकळे कॉस्टिक उरले आहे का हे पाहण्यासाठी मी रंगखात्यातली सवय वापरते: स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब ताज्या कापावर टाकते, तो गडद गुलाबी झाला तर ती वडी बाजूला ठेवते.

विक्रीचा विचार करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून दोन कायदे लक्षात ठेवावेत. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, त्यामुळे विकण्यासाठी तो बनवायला 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' खाली परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो विषय अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. 'घरगुती आहे, थोडाच आहे' ही सबब तिथे चालत नाही. नातेवाइकांना भेट देणे वेगळे, गड्ड्याच्या जत्रेत (सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत) गाळा मांडणे वेगळे. परवाना हातात आल्यावरसुद्धा संक्रांतीच्या गड्ड्यासाठीचा माल नोव्हेंबर संपायच्या आत साच्यात पडलेला असावा लागतो, नाहीतर वाळायला सहा आठवडे मिळत नाहीत.

दुसरा कायदा वेष्टनाचा. पुड्यावर निव्वळ वजन छापणे बंधनकारक आहे आणि साबण हा वाळताना वजन सोडणारा माल आहे. माझी कापताना ११० ग्रॅम भरलेली वडी सहा आठवड्यांनी ९८ ग्रॅम भरते. कापल्या दिवशीच्या वजनावर लेबले छापून घेतलेला पहिला गठ्ठा अजून माझ्या कपाटात पडून आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी आता घाण्यांच्या नोंदी लिहिते.